दम, चिलीम आणि तितिक्षा
भांग-गांजा व सहनशक्तीची आव्हाने यांविषयी एक टिपण

'दम' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथे त्याने अनेक अर्थ धारण केले. श्वास हा त्यांतील मूळचा. टिकून राहण्याची ताकद हा दुसरा. आणि चिलमीचा झुरका हा तिसरा. पालखीच्या भोयाला चढावर दम लागतो, अंगात दम असल्यामुळे तो चढ चढून जातो, आणि वर पोचल्यावर झाडाखाली बसून तो दम मारतो. तिन्ही क्रिया एकाच माणसाच्या आणि एकाच वाटेवरच्या असल्यामुळे लोकसमजुतीने त्यांची सांगड घालून टाकली : गांजा ओढणारा थकत नाही, भांग पिणाऱ्याला ऊनपाऊस लागत नाही, साधू बारा वर्षे उभा राहतो तो चिलमीच्या बळावर. ही सांगड इतकी सोयीची आहे की ती तपासून पाहण्याची गरज अभ्यासकांनाही फारशी वाटलेली नाही. प्रस्तुत टिपणात ती काही मोजक्या साधनांच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी एक खुलासा. एकाच वनस्पतीची पाने घोटून केलेली ती भांग. मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा तो गांजा. आणि राळ वेगळी काढली की चरस. भांग पोटात जाते व हळूहळू चढते. गांजा आणि चरस धुराने घेतात व ते लगेच चढतात. जुन्या लेखकांनी या तिहींची वारंवार गल्लत केली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मात्र हा भेद मानला असून, फुलोऱ्याविना असलेली नुसती पाने त्या कायद्यातील 'गांजा' या संज्ञेबाहेर राहिली आहेत.

सहनशक्तीच्या नव्यानव्या कसोट्या शोधून काढण्याचे काम हिंदुस्थानात प्रथम कोणी केले असेल तर ते तपस्व्यांनी. त्यांचे कसब बारकाईने पाहिले तर त्यात एक साधी युक्ती दिसते. शरीराची रोजची एखादी अगदी सामान्य क्रिया घ्यायची आणि तिला नकार द्यायचा. बसणे व निजणे नाकारले की ठाडेश्वरी होतो. बोलणे नाकारले की मौनी. खाली पाहणे नाकारले की आकाशमुखी. हात खाली सोडणे नाकारले की ऊर्ध्वबाहू. यांपैकी ऊर्ध्वबाहू झालेल्या पूर्णपुरी नावाच्या संन्याशाची हकीकत आपल्याला त्याच्याच तोंडून मिळते, ही इतिहासाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. जोनाथन डंकन हा बनारसचा रेसिडेंट असताना त्याने ती टिपून घेतली. पुढे हाच डंकन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला. ही हकीकत 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पाचव्या खंडात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, चित्रासह प्रसिद्ध झाली.

पूर्णपुरी कनोजचा. नवव्या वर्षी त्याने घर सोडले. तपस्येचे अठरा प्रकार त्याने सांगितले व त्यांतून दोन्ही हात मस्तकावर धरून राहण्याचा प्रकार स्वतःसाठी निवडला. ही निवड ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रकारांची यादी समोर होती आणि त्याने त्यांतील एक घेतला, म्हणजे तपस्येचेही एक शास्त्र होते व त्यात पर्याय होते. त्या स्थितीत हा माणूस सिंहलद्वीप, काबूल, बसरा, आस्त्राखान, मॉस्को आणि तिबेट एवढा मुलूख फिरून आला. हात वर धरण्याची वेदना कशी सोसली याचे त्याने दिलेले उत्तर अगदी कोरडे आहे : पहिल्या वर्षी आहार व निद्रा फार मर्यादित ठेवावी आणि मन स्थिर करावे, त्या वर्षी यातना फार होतात, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्यात त्या ओसरतात, आणि त्यानंतर काहीच वाटत नाही. हा उलगडा सवयीचा आहे, नशेचा नाही. सांधे आखडतात, स्नायू वाळतात. मग हात वर ठेवण्यास बळ लागत नाही, तो खाली आणायचा म्हटले तरच लागेल.

येथे अभ्यासकाला एक मोह पडतो. तो मोह मलाही पडला होता, म्हणून त्याचा उल्लेख करतो. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील अध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी याने १८३९ साली गांजाच्या औषधी उपयोगावरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. (तोच पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारा गृहस्थ.) ६ नोव्हेंबर १८३८ रोजी त्याने संधिवाताच्या तीन रोग्यांना गांजाच्या राळेचा प्रत्येकी एक ग्रेन दिला. त्यांपैकी एक रोगी आधी बडबडू लागला, गाऊ लागला, जास्तीचे अन्न मागू लागला. रात्री तो निश्चेष्ट झाला. ओशॉनेसीने सहज त्याचा हात उचलला आणि त्याला आढळले की तो हात जेथे सोडला तेथेच राहिला. त्याला उठवून बसवले, हातापायांना वाटेल ती ठेवण दिली. मेणाच्या बाहुलीप्रमाणे प्रत्येक ठेवण टिकून राहिली. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास रोगी शुद्धीवर आला.

ऊर्ध्वबाहूंची अडचण सुटली, असे हे वाचताना क्षणभर वाटते. पण ती सुटत नाही. रुग्णालयातील तो हात काही तासच वर राहिला आणि त्या वेळी त्याच्या मालकाला शुद्ध नव्हती. पूर्णपुरी मॉस्कोपर्यंत चालत, बोलत, वाटा व माणसे लक्षात ठेवीत गेला. बेशुद्ध माणूस व्रत पाळत नाही. व्रताला जागेपण लागते. किंबहुना दर दिवशी तोच निश्चय नव्याने करणे हेच त्याचे मर्म आहे. शिवाय तीन रोग्यांपैकी दोघांच्याच बाबतीत असे घडले, हेही ओशॉनेसीचा दाखला देणारे बहुधा सांगत नाहीत.

मग साधूंच्या धुनीभोवती चिलीम फिरते तिचे काय? ती फिरते यात वाद नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात ज्याने आखाड्यांचे मुक्काम पाहिले आहेत त्याला पुरावा द्यावयास नको. परंतु साफी ओली करून चिलमीला गुंडाळणे, शंकराचे नाव घेऊन ती कपाळाला लावणे, एक झुरका घेऊन शेजाऱ्याकडे देणे, या क्रमाला मंडळ लागते. बारा वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला सर्वांत मोठा शत्रू वेदना नसून वेळ असावा, असे माझे अनुमान आहे. चिलीम त्याच्या दिवसाचे तुकडे पाडते आणि त्याला एकटे राहू देत नाही. हा उपयोग खरा आहे, पण त्याला 'शक्ती' म्हणणे सयुक्तिक नव्हे.

व्रताच्या अगदी उलट टोकाला पैज असते, आणि तिचा एक नमुना सतराव्या शतकातील इंग्रजांनी ठेवला आहे. टॉमस बौरी हा दर्यावर्दी व्यापारी. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचे १६६९ ते १६७९ या काळातील वर्णन त्याने लिहून ठेवले. ते हस्तलिखित हॅक्लुट सोसायटीने १९०५ मध्ये छापले. बौरी आणि त्याचे आठदहा सोबती यांना एतद्देशीय लोक पितात ती भांग आपणही पिऊन पाहावी अशी इच्छा झाली. बाजारातून प्रत्येकी सहा पेन्सला एक पाइंट भांग आणवली, आणि कोणी रस्त्यावर धावू नये व बाहेरच्याने आत डोकावू नये म्हणून दारेखिडक्या लावून घेतल्या. एकजण जमिनीवर बसून दुपारभर ढसाढसा रडला. दुसऱ्याने भीतीपोटी एका मोठ्या रांजणात डोके घातले ते चार तासांवर काढले नाही. चारपाच जण गालिच्यावर पडून एकमेकांची स्तुती करीत राहिले. प्रत्येकाला आपण सम्राट आहोत असे वाटत होते. एक भांडखोर निघाला आणि ओसरीच्या लाकडी खांबाशी बोटांच्या पेरांवरची कातडी जाईपर्यंत लढला. बौरी स्वतः व आणखी एकजण मात्र तीन तास नुसते घाम गाळीत बसले.

ही कथा वाचताना हसू येते आणि ते यावेच. पण हिच्यात सहनशक्ती कशाची तपासली गेली? भांगेच्या मदतीने दुसरे काही सोसावयाचे नव्हते. भांगच सोसावयाची होती. आपण होऊन घातलेले आणि दार बंद करून पार पाडलेले असे हे आव्हान आहे. असल्या आव्हानात अंगमेहनत नाही, पोटाचा प्रश्न नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर कोणाला उत्तर द्यावयाचे नाही.

पोटाचा प्रश्न ज्यांना होता त्यांच्याविषयीचे साधन म्हणजे १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल. ब्रिटिश पार्लमेंटातील मद्यपाननिषेधाचा पुरस्कर्ता विल्यम केन याने १८९३ च्या मार्चमध्ये प्रश्न उपस्थित केला. त्यातून मॅकवर्थ यंग याच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. सात सभासदांत तीन हिंदी होते. समितीने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि साक्षीदारांना ७० प्रश्नांची एकच छापील यादी दिली. मर्यादित सेवनाने फारसा अपाय होत नाही व सरसकट बंदी घालणे इष्ट नाही, हा तिचा निष्कर्ष सर्वांना परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळे आहे. विशेष कष्टाच्या प्रसंगी ही द्रव्ये घेणाऱ्या वर्गांची उदाहरणे देताना समितीने कसरतपटू, मल्ल, वादक, पालखीचे भोई, हमाल, पाणबुडे आणि टपालाचे हरकारे यांना एका ओळीत बसवले आहे. सतत पाण्यात राहावे लागणारे कोळी व नावाडी यांचाही उल्लेख आहे.

या ओळीचा आधार घेऊन 'हिंदी श्रमिकांची सहनशक्ती गांजावर उभी होती' असे विधान करणारे लेखन आजही होते. मला ते मान्य नाही, आणि माझा आक्षेप मुख्यतः प्रश्नावलीवर आहे. मर्यादित सेवन कशाकशासाठी हितकारक ठरते, असे विचारताना समितीने पर्याय स्वतःच पुरवले होते : पचनासाठी, तीव्र कष्टांत टिकाव धरण्यासाठी वा थकवा घालवण्यासाठी, हिवतापाच्या मुलखात प्रतिबंधासाठी. 'टिकाव धरण्याची ताकद' हे शब्द साक्षीदाराच्या तोंडी प्रश्नानेच घातले. त्यामुळे शेकडो उत्तरांत ते पुन्हा पुन्हा आढळतात, याचा अर्थ शेकडो लोकांनी ते स्वतंत्रपणे पाहिले असा होत नाही. शिवाय उत्तरे देणारे बहुतांशी अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी असे लोक. पालखीत बसणारा साक्ष देतो आहे, आणि ती वाहणाऱ्याचा खांदा त्याला पडद्याच्या फटीतून दिसतो. भोई थांबले, चिलीम ओढली, उठले आणि पुन्हा भराभर चालू लागले, एवढेच त्याने पाहिले. ते विसावा घेऊन चालू लागले की गांजा घेऊन, हे त्याला कसे कळणार? दोन्ही एकाच वेळी घडत होते. चिलमीच्या निमित्ताने मिळणारा विसावा हाच कदाचित चिलमीचा मोठा गुण असेल. कारण निव्वळ 'थकलो' म्हणून थांबलेल्या भोयाला शिव्या मिळत, चिलमीसाठी थांबलेल्याला त्याचा रिवाज म्हणून सूट मिळे.

या गैरसमजाची किंमत कोणी दिली तेही पाहिले पाहिजे. हरकाऱ्याची धाव गांजाच्या खाती जमा झाली की त्याचे अपुरे अन्न, लांबलेला टप्पा आणि तुटपुंजी मजुरी हिशेबातून गळतात. सरकारला गांजावर कर मिळत होता. मुंबई इलाख्यात या पिकाचे मुख्य क्षेत्र अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा होते. श्रमिकाला त्याच्या कामासाठी हे द्रव्य आवश्यक आहे, हा युक्तिवाद अशा वेळी कोणाच्याच गैरसोयीचा नव्हता. समितीने तो लबाडीने रचला असे मी म्हणत नाही. तिची चौकशी त्या काळाच्या मानाने विलक्षण कसोशीची होती. पण चौकशी कसोशीची असली तरी प्रश्न विचारण्याच्या ओघात उत्तर घडू शकते.

मल्लांविषयी थोडे. मल्लाच्या खुराकातील थंडाई म्हणजे भांगच, ही समजूत निराधार आहे. थंडाई बदाम, खसखस, बडीशेप, मिरी यांची. तिच्यात भांग घालणे हा वेगळा प्रकार.

शरीरविज्ञानाने या प्रश्नावर पुढे जे सांगितले ते लोकसमजुतीला अनुकूल नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दमछाक होईपर्यंत सायकल चालवण्यास लावले. गांजा ओढल्यानंतर त्यांचा टिकाव सोळा मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर आला. एक मिनिटाचा हा फरक लहान आहे, परंतु तो उणा आहे. उलट बाजूने, १९९२ मध्ये मेंदूतच तयार होणारे गांजासदृश द्रव्य सापडले व शोधकांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याचे 'आनंदामाइड' असे नामकरण केले. २००३ साली असे दिसून आले की सुमारे पन्नास मिनिटे धावल्यावर वा सायकल चालवल्यावर ते रक्तात वाढते. म्हणजे धावणाऱ्या हरकाऱ्याच्या देहात असे द्रव्य चिलमीवाचूनही उत्पन्न होत असावे. अमेरिकेतील धावपटूंवर अलीकडे झालेल्या एका अभ्यासातही गांजाने धावणे अधिक रम्य वाटते, पण त्यातील मुख्य मादक घटक घेतला असता श्रम अधिक जाणवतात, असे आढळले.

गंमत अशी की सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ साली '४२० गेम्स' नावाने सव्वाचार मैलांच्या आतबाहेरची दौड सुरू झाली, ती गांजा ओढणारा आळशी असतो हा समज खोडण्यासाठी. आपल्याकडे त्याच द्रव्याच्या सेवकाला अथक ठरवले गेले होते. दोन्हीकडे धावणारा माणूस द्रव्याच्या साक्षीला उभा केला आहे, आणि त्याच्या पायांविषयी फारसे कोणी विचारीत नाही.

मराठी अभ्यासकांना येथे काम आहे. समितीच्या अहवालाचा सहावा खंड मध्यप्रांतातील व मद्रासेकडील साक्षींचा, सातवा मुंबई, सिंध व वऱ्हाड यांच्या साक्षींचा. हे खंड आता सहज पाहावयास मिळतात. नागपूर, वऱ्हाड आणि दख्खन येथील साक्षी, प्रत्येक उत्तराशेजारी त्याचा मूळ प्रश्न ठेवून, अशा वाचल्या पाहिजेत की प्रश्नाने पुरवलेले शब्द वगळल्यावर साक्षीदाराचे स्वतःचे असे किती उरते ते मोजता यावे. साक्षीदारांत हमाल, भोई वा कोळी कितीजण होते, आणि त्यांचे म्हणणे दुभाष्यामार्फत आले की कसे, याची वेगळी यादी करावी लागेल. अहमदनगरच्या शेतकऱ्यांच्या साक्षींपासून आरंभ करणे सोयीचे होईल.