जठरातील पचन

जठरातील पचन : अन्नमार्गातील जठर या पिशवीसारख्या अवयवात अन्नावर होणारी यांत्रिक व रासायनिक प्रक्रिया. पचनाची सुरुवात तोंडात होते. चावलेल्या घासातील पिष्टमय पदार्थांवर लाळेतील अमायलेज हे एंझाइम कार्य करू लागते. अन्ननलिकेच्या स्नायूंच्या लाटेसारख्या आकुंचनांमुळे घास पुढे ढकलला जातो. त्यामुळे आडवे पडून गिळलेले अन्नही जठरात पोहोचते.

रचना व कार्य : जठर उदराच्या वरच्या भागात, बरेचसे डावीकडे असते. प्रौढ माणसाच्या जठरात सर्वसाधारण जेवणानंतर सु. 1 ते 1.5 लिटर अन्न व द्रव मावतो. त्याच्या भित्तीत स्नायूंचे उभे, वर्तुळाकार व तिरके असे तीन थर असून त्यांच्या हालचालींनी अन्न घुसळले जाते. अस्तरातील ग्रंथी हायड्रोक्लोरिक अम्ल, पेप्सिनोजेन व श्लेष्मा स्रवतात. अम्लामुळे पेप्सिनोजेनाचे पेप्सिनात रूपांतर होते आणि पेप्सीन प्रथिनांचे विघटन करते. श्लेष्म्याच्या थरामुळे जठर स्वतःच्याच रसापासून सुरक्षित राहते. ब१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारे एक प्रथिनही येथेच तयार होते. पातळ झालेले अन्न जठराच्या खालच्या झडपेतून थोडेथोडे पुढे सोडले जाते.

इतिहास : पचन हे निव्वळ दळण की रासायनिक क्रिया, हा वाद अठराव्या शतकात चालू होता. विल्यम प्राउट यांनी 1824 च्या सुमारास जठररसातील हायड्रोक्लोरिक अम्ल ओळखले. मात्र जिवंत माणसाच्या जठरात प्रत्यक्ष डोकावून पाहण्याची संधी एका अपघातामुळे मिळाली. 6 जून 1822 रोजी ह्युरन सरोवरातील मॅकिनॉ बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनडियन मजुराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमाँट यांनी त्यांचे प्राण वाचवले. परंतु डाव्या बाजूचे, थेट जठरात उघडणारे छिद्र तसेच राहिले.

1 ऑगस्ट 1825 रोजी दुपारी 12 वाजता ब्यूमाँट यांनी मसालेदार शिजवलेले गोमांस, खारवलेली कच्ची डुकराची चरबी, खारवलेले कच्चे व उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले. 1 वाजता कोबी व पाव निम्मे पचले होते, मांस जसेच्या तसे होते. 2 वाजता कोबी, पाव, चरबी व उकडलेले मांस दोऱ्यावर उरले नव्हते. नंतर त्यांनी जठररस बाहेर काढून कुपीत घेतला व सु. 100° फॅ. तापमानात ठेवून त्यात मांस विरघळते, हे दाखवले. पचनाचे रासायनिक स्वरूप यामुळे निर्विवाद ठरले. राग आल्यास जठरातील क्रियेत बदल होतो, अशीही नोंद त्यांनी केली. हे सर्व प्रयोग, 51 निष्कर्षांसह, 1833 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे 1836 मध्ये टेओडोर श्वान यांनी पेप्सिनाचा शोध लावला.

सेंट मार्टिन यांच्या जन्मवर्षाविषयी एकमत नाही. त्यांनी छिद्र शिवून घेण्यास नकार दिला, असे ब्यूमाँट लिहितात. प्रयोगांना त्यांची संमती कितपत मोकळी होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 1832 च्या करारानुसार त्यांना वर्षाला 150 डॉलर व राहण्या-जेवणाची सोय मिळाली.

आयुर्वेद : पचनशक्तीस जठराग्नी म्हणतात; सम, विषम, तीक्ष्ण व मंद असे त्याचे चार प्रकार मानले आहेत.

लहान आतडे : पचन येथे पूर्ण होते व बहुतेक पोषकद्रव्यांचे शोषणही येथेच होते.

मूल्यमापन : या ज्ञानाचे श्रेय ब्यूमाँट यांच्या चिकाटीला जितके आहे, तितकेच वर्षानुवर्षे हे प्रयोग सोसणाऱ्या सेंट मार्टिन यांनाही द्यावयास हवे. ब्यूमाँट यांच्यानंतर 27 वर्षांनी, 1880 मध्ये, क्वेबेक प्रांतात त्यांचे निधन झाले. डॉक्टरांनी शवविच्छेदन करू नये म्हणून कुटुंबीयांनी दफन काही दिवस लांबवले व देह नेहमीपेक्षा खोल पुरला.