चयापचय आणि हृदयविकार : एका यादीचा इतिहास

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका होता. तो काही वर्षे वाढतच होता आणि त्याची नोंदही होत होती. पण वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, अशी तेव्हाच्या अनेक डॉक्टरांची समजूत होती. हृदयविकाराचा झटका कोणाला येणार हे आधी ओळखता येईल का, असा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारत नसे.

तो १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावात विचारला गेला. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल व सहकाऱ्यांनी पहिले मोठे निष्कर्ष मांडले आणि ‘जोखीम घटक’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रुळला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या यादीत अग्रभागी होते. धूम्रपान आणि मधुमेहही पुढे पक्के झाले. कोलेस्टेरॉलचे वजन किती, हे १९९४ च्या स्कँडिनेव्हियातील चाचणीने दाखवले. आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी ज्यांना सिमव्हास्टॅटिन दिले, त्यांच्यातील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

मात्र फ्रॅमिंगहॅमचे ते रहिवासी जवळजवळ सगळे गोरे होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. यादी मोजणीतून तयार झाली, आणि मोजणी एका विशिष्ट समाजाची होती.

अडचण लंडनमध्ये उघड झाली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू स्थानिकांपेक्षा जास्त होते. कोलेस्टेरॉल, धूम्रपान, रक्तदाब यांतून हा फरक उलगडत नव्हता. पॉल मकीग, बी. शाह आणि मायकेल मार्मट यांनी १९९१ मध्ये वेगळेच चित्र मांडले. दक्षिण आशियाई गटात मधुमेह १९ टक्के लोकांना, तर युरोपीय गटात ४ टक्के लोकांना होता. शिवाय रक्तातील इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, आणि चरबी पोटावर साठलेली.

हा गुच्छ ओळखायला सिद्धांत नुकताच तयार झाला होता. स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक स्रवते. साखर काही काळ आटोक्यात दिसते, पण यकृतातून ट्रायग्लिसराइड जास्त बाहेर पडते, एचडीएल घटते, रक्तदाबही चढू लागतो. माझ्या मते या कल्पनेची खरी धार अशी की यातला प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर ‘थोडासाच जास्त’ वाटतो, आणि रुग्ण निर्धास्त घरी जातो. गंमत म्हणजे रीव्हन यांनी लठ्ठपणा आपल्या यादीत धरलाच नव्हता. सडपातळ माणसातही इन्शुलिन निष्प्रभ होऊ शकते, हे त्यांना दिसले होते.

सडपातळ कोणाला म्हणायचे, हा पुढचा वाद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

त्याच वर्षी ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यास प्रसिद्ध झाला. जोखीम घटक जगभर बहुतांशी तेच आढळले. मात्र दक्षिण आशियाई देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, इतरत्र ५८.८ व्या वर्षी. घटक तेच, पण ते इथे लवकर जमा होतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अमेरिकेच्या २००१ च्या निकषांत पुरुषांच्या कमरेची धोक्याची मर्यादा १०२ सेंटिमीटर होती, स्त्रियांची ८८. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी ती अनुक्रमे ९० आणि ८० वर आणली.