टोपीखालचा चेहरा

आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या बाझेल शहरात १४९३ साली मिखाएल फुर्टर नावाच्या मुद्रकाने एक सचित्र जर्मन पुस्तक छापले. मूळ ग्रंथ फ्रेंच. जॉफ्रुआ द ला तूर लांद्री या सरदाराने आपल्या मुलींना वळण लागावे म्हणून १३७१-७२ च्या सुमारास तो लिहिला होता. त्या पुस्तकातील एका लाकडी ठशात एक सरदारीण आरशासमोर केस विंचरते आहे. तिच्या मागे सैतान उभा आहे, आणि आरशात तिचे मुख न उमटता त्या सैतानाचा पार्श्वभाग उमटला आहे. कथा अशी की, ही बाई नटण्यामुरडण्यात इतका वेळ घालवी की मिस्सेसाठी जमलेली मंडळी आणि खुद्द धर्मगुरू तिच्यासाठी तिष्ठत राहत. अखेर एका रविवारी तिला आरशात हे दर्शन घडले आणि ती भ्रमिष्ट झाली. हे चित्र तरुण आल्ब्रेख्त ड्यूररने रेखाटले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मिस्सेला उशिरा येणाऱ्यांविषयीची आम्हा धर्मगुरूंची तक्रार किती पुरातन आहे, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल. मात्र फाटकाबाहेर गप्पा मारीत प्रवचन संपण्याची वाट पाहणाऱ्या पुरुषांसाठी कोणा कलावंताने सैतान कोरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नेमका हाच मुद्दा आहे. स्त्रीच्या सौंदर्यासक्तीवर टीका करणारी ठसाचित्रे युरोपात छपाईच्या आरंभापासून निघत आली. पण ती टीका बहुतांशी पुरुषांनी केली, पुरुषांच्या सोयीने केली, आणि स्त्री नटते ती कोणाच्या नजरेसाठी, हा प्रश्न त्या चित्रांनी स्वतःला क्वचितच विचारला.

ठसाचित्राचे तंत्र समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उलगडणार नाही. सपाट फळीवर चित्र काढावयाचे. जेथे रेषा हवी ती जागा तशीच ठेवून भोवतालचे लाकूड कोरून टाकावयाचे. उंच राहिलेल्या भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो. हा ठसा खिळ्यांच्या उंचीचा असल्यामुळे अक्षरांबरोबर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबाने छापता येतो. म्हणून तो स्वस्त, आणि स्वस्त म्हणून गरिबाच्या घरापर्यंत पोहोचणारा. लेटरप्रेसच्या काळात आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवर क्रूसाचा किंवा घंटांचा जो 'ब्लॉक' असे, तो याच कुळातला.

बाझेलमध्येच पुढे धाकटा हान्स होल्बाइन याने 'मृत्यूचे नृत्य' ही चित्रमाला रेखाटली. तिचे ठसे कोरणारा कारागीर हान्स ल्यूत्सेलबुर्गर १५२६ साली वारला. पुस्तक मात्र १५३८ साली फ्रान्समधील लियाँ येथे, एकेचाळीस चित्रांसह, प्रसिद्ध झाले. एकेक ठसा जेमतेम ६५ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे आगपेटीहून थोडा मोठा. त्यात एक उमराव स्त्री आहे. दासी तिला उंची वस्त्र देत आहे, आणि मागून आलेला मृत्यू एखाद्या तत्पर सेवकासारखा तिच्या गळ्यात हाडांची माळ घालतो आहे. येथे सैतान नाही, भयही फारसे नाही. आहे ती शांत थट्टा. आणि होल्बाइनचा न्याय असा की, त्याचा मृत्यू केवळ स्त्रीच्या मागे लागलेला नाही. तो राजाजवळ येतो, परमगुरुस्वामींजवळ येतो, आणि आजाऱ्याला पवित्र साक्रामेंत घेऊन निघालेल्या धर्मगुरूच्या पुढे हाती कंदील व घंटा घेऊन चालतो. हे शेवटचे चित्र आम्ही मंडळींनी अधूनमधून पाहावे असे आहे.

सांगाड्याची ही परंपरा मेक्सिकोत ज्याच्या हाती नवे रूप घेऊन आली, तो होसे ग्वादालूपे पोसादा. त्याचा जन्म २ फेब्रुवारी १८५२ रोजी, म्हणजे प्रभूच्या समर्पणाच्या सणादिवशी, आग्वासकालिएन्तेस या गावी झाला. लिओन शहरात तो शिळाछापाचे काम करीत असे. १८८८ साली तेथे महापूर आला आणि त्यानंतर तो राजधानीत गेला. तेथे आंतोनिओ वानेगास आर्रोयो या प्रकाशकासाठी त्याने आयुष्यभर चित्रे काढली. हा प्रकाशक हलक्या रंगीत कागदावर प्रार्थना, संतांची चित्रे, खुनाच्या वार्ता, गाणी असे सारे छापून विकी. नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास, 'कालावेरा' म्हणजे कवट्यांची चित्रे असलेले विनोदी पद्यांचे कागद निघत. त्यांत मोठमोठ्या माणसांना जिवंतपणीच सांगाडा करून त्यांची टर उडविलेली असे.

पोसादाने लाकूड सोडून धातू घेतला. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने तो थेट चित्र काढी. पत्रा आम्लात ठेवला की उघडा भाग झिजून खोल जाई आणि रेषा उंच उरत. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांसोबत छापीत. दिवसांचे काम तासांवर आले आणि त्याच्या रेषेला बोलीभाषेचा वेग आला.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र १९१० ते १९१३ या काळातले. दात विचकणारी एक कवटी, आणि तिच्या डोक्यावर फुलांनी व शहामृगाच्या पिसांनी लादलेली अवाढव्य फ्रेंच टोपी. एवढेच. खाली अंगावर वस्त्रही दाखविलेले नाही. तिचे मूळ नाव 'कालावेरा गार्बान्सेरा'. गार्बान्सो म्हणजे छोले. गार्बान्सेरा म्हणजे छोले विकणारी. मूळच्या आदिवासी रक्ताची, पण शहरात आल्यावर आपला वेश आणि आपली ओळख टाकून, चेहऱ्याला पांढरी पावडर फासून युरोपियन दिसू पाहणारी मुलगी, असा त्या शब्दाचा टोमणा होता. पोर्फिरिओ दियास याच्या दीर्घ राजवटीत, १८७६ पासून १९११ पर्यंत, मेक्सिकोच्या वरच्या वर्गाला फ्रान्सचे वेड लागले होते. गोरेपणा ही तेथे केवळ आवड नव्हती, तो बढतीचा परवाना होता.

आता या चित्राकडे मुद्रकाच्या डोळ्यांनी पाहावे. कवटी पांढरी दिसते, कारण तेथे शाई नाही. तो कोरा कागद आहे. जो गोरेपणा त्या मुलीला हवा होता, तो तिला अखेरीस हाडांनी दिला. विनोद जबरदस्त आहे. परंतु मला त्यात थोडा अन्यायही दिसतो. जिने पावडर लावली तिला पोसादाने चित्रात आणले. जिच्या घरी सावळ्या मोलकरणीला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता, ती मालकीण या चित्रात नाही. हसू टोपीवर येऊन थांबते.

यातील विसंगती अशी की, हे सारे ज्या देशात घडत होते, त्या देशाची माताच सावळी होती. १५३१ साली तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगो या आदिवासी श्रद्धावंताला पवित्र मारियेने दर्शन दिले, ते त्याच्याच लोकांच्या वर्णात, असे मेक्सिकोचे लोक मानतात आणि तिला प्रेमाने 'मोरेनिता', म्हणजे आपली सावळी, म्हणतात. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली हुआन दिएगो यांना संतपद बहाल केले. पोसादाच्या स्वतःच्या नावातही ग्वादालूपे आहे. बारा डिसेंबरला सावळ्या मातेपुढे मेणबत्ती लावावयाची आणि तेरा तारखेला आरशापुढे पावडर लावावयाची, हे एकाच घरात चालू शकते. असे घर पाहण्यासाठी मेक्सिकोला जावे लागत नाही.

पोसादा २० जानेवारी १९१३ रोजी वारला आणि दरिद्री माणसांच्या दफनभूमीत पुरला गेला. सात वर्षांनी कोणी दावा न केल्यामुळे त्याची हाडे इतरांच्या हाडांत टाकण्यात आली. टोपीवाल्या कवटीचा कागद बाजारात आला तेव्हा तो हयात नव्हता. पुढे जाँ शार्लो या फ्रेंच वंशाच्या, निष्ठावंत कॅथलिक चित्रकाराने १९२५ साली त्याच्यावर लेख लिहून कलाजगताला त्याची ओळख करून दिली. १९४७ साली दिएगो रिव्हेराने एका हॉटेलातील भव्य भित्तिचित्रात त्या कवटीला अंगभर पोशाख चढविला आणि तिच्या हातात पोसादाचा हात दिला. 'कात्रीना' म्हणून ती जगभर पोहोचली ती या रूपात. त्याच भित्तिचित्रात देव नाही अशा अर्थाचे शब्द असल्यामुळे आर्चबिशपांनी हॉटेलला आशीर्वाद देण्याचे नाकारले होते. १९५६ साली रिव्हेराने ते शब्द स्वतः पुसले.

तिची पुढची गत पाहून पोसादा पोट धरून हसला असता. मृतांच्या दिवशी मेक्सिकोतील तरुणी आज चेहरा पांढरा रंगवून, फुलांच्या टोप्या घालून कात्रीना होतात. २०१९ साली तर त्या सणाची बार्बी बाहुली बाजारात आली. पांढऱ्या पावडरीवरची टीका पांढऱ्या रंगातच विकली जाऊ लागली.

आपल्याकडे काय आहे, हे मी सांगायला नको. लग्नासाठी हातोहाती फिरणाऱ्या बायोडाट्यांत मुलीचे शिक्षण एका ओळीत असते आणि 'उजळ वर्ण' हे शब्द त्याच्याही आधी. वाडीत उन्हातान्हात राबून फुले आणि भाजी पिकविणाऱ्या आईची मुलगी, आणि तिचीच आई पाहुण्यांपुढे ओशाळून म्हणते, 'मुलगी गुणी आहे, रंगाने जरा डावी आहे एवढेच.' १९७५ साली आलेल्या गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. ओसरीवरच्या संभाषणातून तो काढणारी कंपनी अजून निघालेली नाही.

ख्रिस्तसभेने या बाबतीत हात झटकू नयेत. जुन्या करारातील 'गीतरत्न' या पुस्तकाच्या आरंभी वधू आपल्या उन्हाने रापलेल्या काळ्या वर्णाविषयी आणि आपल्या सौंदर्याविषयी एका दमात बोलते. त्या दोहोंना जोडणारे हिब्रू अव्यय 'आणि' असेही घेता येते, 'पण' असेही. ग्रीक भाषांतरकारांनी 'आणि' घेतले. लॅटिन भाषांतरात 'पण' आले, आणि शतकानुशतके आमच्या उपासनेत तेच गायिले गेले. सेमिनरीत व्याकरण म्हणून शिकलेली ही गोष्ट किती घरांत रडू आणते, हे धर्मग्रामात आल्यावर कळते. आंजेलो दा फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराने आपल्या मातीच्या रंगाची, साडी नेसलेली मारिया चित्रित केली, तेव्हा गोव्यात त्याच्यावर इतकी टीका झाली की तो पुण्याला येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. १९६७ साली तो वारला. आज त्याची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सन्मानाने ठेवलेली आहेत.

ज्या प्रश्नापाशी पोसादा थांबला, त्याच्या पुढे गेली ती एक स्त्री, आणि तीही मेक्सिकोतच. एलिझाबेथ कॅटलेट हिचा जन्म १९१५ साली वॉशिंग्टनमध्ये, गुलामगिरी भोगलेल्या आजी-आजोबांच्या वंशात झाला. कृष्णवर्णीय म्हणून एका कलाशाळेने तिला प्रवेश नाकारला होता. १९४० साली आयोवा विद्यापीठातून शिल्पकलेची उच्च पदवी घेताना तिचे शिक्षक ग्रँट वुड यांनी तिला सल्ला दिला की, जे सर्वांत जवळून ठाऊक आहे तेच विषय घ्यावेत. तिने कृष्णवर्णीय स्त्री हा विषय घेतला. १९४६ साली ती मेक्सिकोला गेली आणि 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' या, १९३७ साली स्थापन झालेल्या व पोसादाला आपला पूर्वज मानणाऱ्या, कार्यशाळेत काम करू लागली. तेथे तिने लिनोलियमवर पंधरा ठशांची मालिका कोरली. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांचा तागाच्या कापडावर बसविलेला थर. लाकडासारख्या शिरा नसल्यामुळे त्यावर हत्यार हवे तसे वळते, आणि तो स्वस्त असतो.

१९५२ साली तिने 'शेअरक्रॉपर' कोरली. पिकाचा वाटा मालकाला देऊन परक्याची जमीन कसणारी, अमेरिकेच्या दक्षिणेतील एक प्रौढ स्त्री. आपण तिच्याकडे किंचित खालून पाहतो, जसे वेदीवरील संताकडे पाहावे तसे. डोक्यावर रुंद काठाची टोपी आहे. पिसांची नव्हे, गवताची, उन्हासाठी घातलेली. गळ्याशी अंगरख्याची दोन टोके एका सेफ्टी पिनेने जोडलेली आहेत. होल्बाइनच्या उमराव स्त्रीच्या गळ्यात हाडांची माळ होती. हिच्या गळ्याशी एवढाच दागिना.

आणि तो चेहरा. पोसादाला कवटी दाखविण्यासाठी कागद कोरा सोडणे पुरे होते. कॅटलेटला काळा चेहरा दाखवायचा होता. शाईने सारा भाग भरून टाकला असता तर चेहरा न राहता डाग उरला असता. म्हणून तिने गालाच्या हाडावरून, कपाळावरून, मानेच्या शिरांवरून बारीक पन्हळीने शेकडो रेषा काढल्या. प्रत्येक रेषा म्हणजे काळ्यात सोडलेला उजेड. त्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, ऊन आहे, आणि कोणाची परवानगी मागितलेली नाही. तेथे थट्टा नाही, सैतानही नाही. सौंदर्याच्या रूढ कल्पनेवरची इतकी कडक टीका मी दुसऱ्या कोणत्या ठशात पाहिलेली नाही.

कॅटलेट १९६२ साली मेक्सिकोची नागरिक झाली, तेव्हा तिच्या राजकीय मतांमुळे अमेरिकेने तिला नकोशी परकी ठरवून प्रवेश नाकारला. १९६८ ते १९७० या काळात 'शेअरक्रॉपर'च्या नव्या प्रती निघाल्या. २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, ती कुएर्नावाका येथे वारली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आज त्या चित्राची प्रत आहे.