खाल्ल्या मिठाचा संघ

अमेरिकेतील बास्केटबॉलच्या मैदानावर गेली अनेक वर्षे एक वाद धुमसतो आहे. भ्रमणध्वनीच्या कृपेने तो आता आमच्या तेल्हाऱ्यातील तरुणांच्याही ओठी आला आहे. लेब्रॉन जेम्स हा ओहायो राज्यातील ॲक्रन गावचा खेळाडू. शेजारच्या क्लीव्हलँड शहराच्या संघाकडून तो सात वर्षे खेळला. परंतु अजिंक्यपद काही हाती लागेना. तेव्हा २०१० साली तो मायामीच्या संघात गेला आणि ड्वेन वेड व ख्रिस बॉश या दोन नामवंतांशी त्याने हातमिळवणी केली. संतापलेल्या क्लीव्हलँडकरांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. मायामीने २०१२ व २०१३ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे पटकावली. याउलट डर्क नोविट्स्की हा जर्मन खेळाडू डॅलसच्या एकाच संघात एकवीस हंगाम राहिला, आणि २०११ साली त्याच्या संघाने अंतिम लढतीत याच तारांकित मायामीला नमविले. तरुण मंडळी विचारतात, या दोघांत थोर कोण?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. बास्केटबॉल नव्हे, तर क्रिकेटच्या निमित्ताने हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या दारात उभा राहिला होता.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू. परंतु शिक्षण नागपूरचे आणि खेळाचे संस्कारही नागपूरचेच. १९१६ मध्ये ते मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून प्रथम खेळले. अशा खेळाडूला त्या काळी नागपूर काय देऊ शकत होते? टाळ्या आणि हारतुरे. क्रिकेटवर पोट भरण्याची सोय मध्यप्रांतात नव्हती. १९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. नायडू इंदूरला गेले ते कायमचेच. १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनी केले, तेव्हा जगाने त्यांना इंदूरचे म्हणूनच ओळखले.

पुढे यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली या इंदुरात जो संघ उभा राहिला, तसा संघ भारतीय क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. १९४१-४२ पासून तो होळकर संघ या नावाने रणजी करंडक स्पर्धेत उतरू लागला. मुश्ताक अली तेवढे इंदूरच्या मातीतले. बाकीची नावे पाहावीत. चंदू सरवटे यांचा जन्म सागरचा. ते प्रथम मध्यप्रांत-वऱ्हाड संघाकडून खेळले, मग महाराष्ट्र आणि मुंबईकडून, आणि अखेरीस इंदुरात स्थिरावले. डावखुरे फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड हे नागपूरचे. तेही मध्यप्रांत-वऱ्हाड संघ सोडून इंदूरला गेले. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. हे बडोद्याकडून खेळून होळकर संघात आले. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. मुंबईकडे तोंड करून बसलेल्या क्रिकेटच्या जगात एका मराठी संस्थानिकाने देशभरातले मोती वेचून माळ ओवली, असेच म्हणावे लागेल.

त्या माळेत काही काळ एक परदेशी मोतीही होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन हा सैनिक म्हणून महू येथे होता. महू इंदूरपासून हाकेच्या अंतरावर. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा कॉम्प्टन होळकर संघात होता. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. विजय मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ काढल्या. होळकर संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य होते. कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली. तरीही संघ ४९२ वर संपला आणि ३७४ धावांनी हरला. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. पगारी खेळाडू मनापासून खेळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी डोळ्यांखालून घालावा.

पराभवाने खचून न जाता हा संघ पुढच्याच हंगामात विजेता झाला. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके झळकाविली. त्यांत पन्नाशीला टेकलेले कर्णधार नायडूही होते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक. महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून ते क्रिकेट खेळले आणि महाराष्ट्राचे नाव सोडून गेले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास होते. देवधरांची निष्ठा आदरणीय खरीच. परंतु त्यांच्या हाताला प्राध्यापकाचे वेतन होते, हेही विसरता कामा नये. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याने, ज्याची विझलेली आहे त्याला निष्ठेचे धडे देऊ नयेत. बदलीचा आदेश आला की बोचके बांधून नव्या गावी रुजू होणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना तर गाव सोडणे आणि गावाशी बेइमान होणे यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही.

देवधरांच्या त्याच महाराष्ट्र संघात सांगलीचा एक तरुण होता. विजय सॅम्युएल हजारे. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, एका शाळाशिक्षकाचा मुलगा. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. ज्याने आपल्याला असे बदडून काढले त्यालाच आपल्या घरी आणावे, हा शहाणपणा बडोद्याने दाखविला. १९४१ पासून हजारे बडोद्याचे झाले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच राहिले. २००४ साली त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांना संघ बदलणारे म्हणावे की एकनिष्ठ? मला वाटते, दोन्ही. १९४७ च्या मार्चमध्ये बडोदे आणि होळकर हे दोन संस्थानी संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा हजारे यांनी २८८ आणि लाहोरहून आलेल्या गुल महंमद यांनी ३१९ धावा करून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान बडोद्याच्या गायकवाडांसाठी तासन् तास खेळपट्टीवर उभे राहिले. फाळणीला तेव्हा जेमतेम पाच महिने उरले होते.

मात्र याच हजारे यांना एक असाही संघ लाभला होता, जो त्यांनी निवडला नव्हता आणि जो सोडून जाण्याचीही सोय नव्हती. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर बेतलेली होती. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि १९३७ पासून पाचवा संघ 'इतर'. या 'इतरां'त ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे सारे जन्माने एकत्र आलेले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. मर्चंट यांच्या नाबाद २५०. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांत हजारे यांच्या ५९. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण धावा ३८७, आणि त्यांपैकी एकट्या हजारे यांच्या ३०९! धाकटे बंधू विवेक यांनी एक बाजू अशी लावून धरली की दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत त्यांचा स्वतःचा वाटा केवळ २१ धावांचा होता. सामना इतरांनी एका डावाने गमावला. महात्मा गांधींनी १९४० मध्येच या धर्मनिहाय सामन्यांबद्दल नापसंती व्यक्त केली होती. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली, हे योग्यच झाले. जन्माने चिकटलेली निष्ठा सर्वांत शुद्ध, असे मानणाऱ्यांनी त्या स्पर्धेचा इतिहास जरूर चाळावा.

भाऊसाहेब निंबाळकरांची कथा जरा वेगळी. ते बडोदे, महाराष्ट्र, होळकर, पुढे राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून पुण्यात काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर राहिला. एवढा पराक्रम करूनही त्यांना एकही कसोटी सामना लाभला नाही. ज्याला अनेक घरे असतात त्याची बाजू मांडणारे एकही घर नसते, असे कधी कधी घडते.

आता होळकर संघाचे पुढे काय झाले ते पाहू. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आश्रय आटला, तरी जुन्या पुण्याईवर संघ काही वर्षे तगला आणि १९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासकडून हरल्यावर त्या नावाने पुन्हा उतरला नाही. त्याचे वारस मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश. त्या वारसांना रणजी करंडक प्रथम हाती धरण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला नागपूर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत खेळू लागला. नायडू बंधू, हिरालाल, सरवटे यांना घडविणाऱ्या अथवा पहिली संधी देणाऱ्या या प्रांताला त्यानंतर साठ वर्षे उपांत्य फेरीसुद्धा दिसली नाही. माळ इंदुरात ओवली गेली; दोरा तुटला तेव्हा मोती विखुरले, आणि ज्या शिंपल्यांतून ते काढले होते ते तर केव्हाच रिकामे झाले होते. तारे एकत्र जमविण्यावर माझा आक्षेप असलाच तर तो येथे आहे. जाणाऱ्या खेळाडूला दोष देता येत नाही. नेणाऱ्याने जेथून नेले तेथे काहीच पेरले नाही, याचे वाईट वाटते.

म्हणूनच २०१७-१८ चा हंगाम मला फार मोलाचा वाटतो. विदर्भाने या वेळी उलटा मार्ग धरला. आपली मुले घडविण्यासाठी अकादमी, आणि त्यांच्यासोबत बाहेरून आणलेले मोजके जाणते. मुंबईचे वसीम जाफर २०१५ पासून विदर्भाकडे होते. गणेश सतीश कर्नाटकातून आलेले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. कर्णधार फैज फझल मात्र नागपूरचा. २००३ मध्ये विदर्भाकडून पहिल्याच सामन्यात त्याने १५१ धावा केल्या होत्या. जाफर आदल्या हंगामात दुखापतीमुळे खेळू शकले नव्हते आणि मानधन मात्र त्यांना मिळाले होते. म्हणून या हंगामात ते मानधन न घेता खेळले. खाल्ल्या मिठाला जागणे याहून वेगळे काय असते?

उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विदर्भाने पाच धावांनी हरविले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि तो झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! रजनीश गुरबाणीने हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या, आदित्य सरवटेने ७९. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गड्यांनी विजयी झाला. नागपूरचे नायडू ज्या इंदूरला गेले, तेथूनच विदर्भाने आपला पहिला करंडक घरी आणला. पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने तो राखला. त्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. आता अकोल्यात जन्मलेला अथर्व तायडेही याच संघात खेळतो, आणि तेल्हाऱ्याच्या मुलांना नागपूर पूर्वीइतके दूर वाटत नाही.

इतिहासाला मात्र नीटनेटकेपणाची आवड नसते. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यात अंतिम सामना झाला. विदर्भाकडून ध्रुव शोरी खेळत होता. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दिल्लीसाठी १४५ धावा करणारा तोच. करुण नायर कर्नाटकाचा. त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या. त्याच्या बरोबरीने नागपूरचा तरुण दानिश मालेवार १५३ धावा करून गेला, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. समोर केरळच्या संघात इंदूरचा जलज सक्सेना होता. आणि केरळसाठी पहिल्या डावात चिवटपणे ७९ धावा काढणारा होता विदर्भाचा जुना शिलेदार, नागपूरचाच आदित्य सरवटे. विदर्भाच्या पहिल्या अंतिम सामन्यात त्याने केल्या होत्या तेवढ्याच, आता विदर्भाविरुद्ध, आपल्याच घरच्या मैदानावर. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्यानंतर काही महिन्यांतच करुण नायर कर्नाटकाला परत गेला.