मायटोकाँड्रिया बदलून कॅन्सरचा अभ्यास

पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. तिचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. म्हणून ‘कॅन्सर अम्मीकडून आला’ असं म्हणायचं का?

१९८९ साली अमेरिकेत किंग आणि अटार्डी यांनी मानवी पेशींतला हा डीएनए रसायनाने घालवला आणि त्यांत दुसऱ्या पेशींचे मायटोकाँड्रिया घातले. केंद्रक एकाचं, मायटोकाँड्रिया दुसऱ्याचे; अशा पेशीला सायब्रिड म्हणतात. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपेशींत अशीच अदलाबदल केली. जास्त पसरणाऱ्या पेशींचे मायटोकाँड्रिया मिळताच कमी पसरणाऱ्या पेशीही पसरू लागल्या. अर्थात हे प्रत्येक कॅन्सरला लागू नाही.

पण गाठीतल्या मायटोकाँड्रियाचे बहुतेक बदल वारशाने आलेले नसतात, ते आयुष्यात पुढे त्या पेशींतच होतात. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला दोष केंद्रकात असतो, तो अब्बांकडूनही येऊ शकतो. अम्मीला बोल कशाला?

प्रयोगांसाठी पेशी जपून संशोधकांना पुरवणारं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्या पुण्यातच आहे. विश्रांतवाडीहून खडकीमार्गे गेलं की विद्यापीठाच्या आवारात.