मोटारीच्या शक्तिपारेषण यंत्रणेच्या झिजेचे निदान

मोटारीच्या शक्तिपारेषण यंत्रणेच्या झिजेचे निदान म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या भागांपैकी नेमका कोणता भाग झिजला आहे, हे भाग सुटे करण्यापूर्वी लक्षणांवरून व साध्या चाचण्यांवरून ठरविण्याची पद्धत होय. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल व चाकांची बेअरिंगे हे या यंत्रणेचे प्रमुख भाग आहेत. ते एकमेकांस घट्ट जोडलेले असल्याने एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाशी ऐकू येतो. त्यामुळे आवाज कोठून येतो यापेक्षा तो कोणत्या स्थितीत सुरू होतो व कोणत्या स्थितीत थांबतो, हे निदानात अधिक महत्त्वाचे ठरते.

रचना

अॅम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींत इंजिन पुढे असून शक्ती प्रोपेलर शाफ्टमार्गे मागील चाकांना मिळते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढील चाके शक्ती घेतात. तेथे लांब शाफ्टऐवजी दोन आखूड ड्राइव्ह शाफ्ट व त्यांच्या टोकांशी सीव्ही जॉइंट असतात. महिंद्रा जीप व १९८५ साली आलेली मारुती जिप्सी यांच्या चारचाकी चालनाच्या प्रकारांत ट्रान्स्फर केस हा जादा भाग असतो. तो पुढील व मागील अशा दोन्ही ॲक्सलांना शक्ती देतो. जिप्सीत गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांना जोडणारा आखूड शाफ्टही असल्याने तपासावयाच्या सांध्यांची संख्या वाढते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी वडसा येथे स्पर्श करतो. दक्षिणेकडील एटापल्ली, भामरागड व सिरोंचा हे तालुके रस्त्यांवरच अवलंबून आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी वाटेत शाफ्ट तुटणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नसून प्रवासी अडकून पडण्याचा धोका असतो.

नाले ओलांडताना एक विशिष्ट दोष उद्भवतो. चालून तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून किंवा श्वसननळीतून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. असे तेल न बदलल्यास बेअरिंगे गंजतात. श्वसननळी चिखलाने बुजली तर उलट घडते. आतील दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते. चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात जुने रबरी बूट तडकतात व त्यांतून धूळ सीव्ही जॉइंटमध्ये शिरते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील कच्च्या वाटांवर धावणाऱ्या जिप्सींच्या बाबतीतही धूळ हा झिजेचा मोठा घटक असतो.

लक्षणे

क्लच: चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरत असते. पॅडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर करकरत पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसतो. पॅडल दाबताच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो. याउलट न्यूट्रलमध्ये पॅडल सोडलेले असताना येणारा व दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बोट दाखवितो.

गिअरबॉक्स: आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरची चाके, सर्व गिअरांत येत असेल तर बेअरिंगे संशयास्पद ठरतात. जुन्या चार गिअरांच्या मागील चालनाच्या मोटारींत चौथा गिअर थेट असतो. त्यात आवाज बराच कमी झाल्यास दोष खालच्या शाफ्टकडील असण्याचा संभव असतो. विशिष्ट गिअर पडताना होणारी करकर सिंक्रोनायझरची कडी झिजल्याचे दर्शविते.

प्रोपेलर शाफ्ट: गाडी हलताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येणारा ‘खट्’ असा आवाज आणि वेगाबरोबर वाढणारी थरथर ही युनिव्हर्सल जॉइंटची लक्षणे होत. गिअर बदलूनही त्याच वेगाला थरथर कायम राहिली, तर कारण गिअरबॉक्सच्या पुढे, शाफ्ट किंवा चाकांत शोधावे लागते. क्रॉसच्या टोपणांभोवतीची तांबूस भुकटी ही आतील ग्रीस संपून गंज धरल्याची खूण असते.

डिफरन्शियल व चाके: वेग घेताना किंवा सोडताना बदलणारी गुणगुण क्राउन-पिनियनची असते, केवळ वळणावर येणारा आवाज डिफरन्शियलमधील लहान गिअरांचा असू शकतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. म्हणून त्या वेळी वाढणारी घरघर उजव्या चाकाच्या बेअरिंगची असण्याची शक्यता अधिक असते. पूर्ण वळणावर होणारी टकटक बाहेरच्या सीव्ही जॉइंटची असते.

थांबलेल्या वाहनावरील चाचण्या

इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि चाके ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवितात. जॉइंटच्या दोन्ही बाजू धरून पिळल्यावर त्यांच्यात मोकळीक जाणवली तर जॉइंट झिजलेला असतो. जॉइंट घट्ट असूनही शाफ्ट बराच फिरत असेल तर मोकळीक डिफरन्शियल वा ॲक्सलमध्ये असते. उचललेले चाक वर-खाली धरून हलविल्यास बेअरिंगचा ढिलेपणा कळतो. ब्रेक दाबून पाहिल्यावरही चाक हलत राहिले, तर दोष बेअरिंगऐवजी स्टिअरिंगच्या सांध्यांत असतो. काढलेल्या तेलात बारीक करडा लगदा असणे जुन्या गाडीत स्वाभाविक असते. बोटांना लागणारे धातूचे कपचे मात्र दात तुटल्याचे लक्षण होय.

शाफ्ट काढण्यापूर्वी जोडणीवर खुणा करणे आवश्यक असते. दोन तुकड्यांच्या शाफ्टचे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत न बसविल्यास नवा जॉइंट घालूनही थरथर राहते.

सुरक्षितता

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्यापूर्वी पक्के स्टँड लावणे अनिवार्य आहे. विलीज धाटणीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागील शाफ्टवर असतो. त्यामुळे मागील शाफ्ट सोडविताच हँडब्रेक निरुपयोगी होतो. मागचे एक चाक उचलल्यावरही डिफरन्शियलमुळे तो गाडी रोखू शकत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही हा धोका टळत नाही. जमिनीवरील चाके अडविणे हाच उपाय असतो.

मर्यादा

युनिव्हर्सल जॉइंट, सीव्ही बूट, तेल व सील हे भाग घरी बदलता येतात. क्राउन-पिनियनमधील अंतर मात्र डायल गेजने मोजून व शिम घालून ठरवावे लागते. त्यातील सूक्ष्म चुकीनेही नवे दात लवकर झिजतात. त्यामुळे हे काम अनुभवी कारागिराकडेच सोपविले जाते.