बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा फोन

०२१७ हा सोलापूरचा एसटीडी कोड ज्या पिढीच्या बोटांवर होता, तिला १९८ हा आकडाही पाठ असे. फोन मेला, खरखर सुरू झाली किंवा बोलता बोलता तिसऱ्याच कुणाचा आवाज घुसला, की शेजारच्या चालू फोनवरून १९८ फिरवायचा, तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट पाहायची.

लाइनमनची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. तो आल्या आल्या फोन उघडत बसत नसे. आधी गल्लीतल्या डीपीच्या, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटत त्या पेटीत त्या घराची तारांची जोडी शोधी आणि आपला टेस्ट फोन तिला चिमट्यांनी लावी. तिथे टोन मिळाला तर दोष घराच्या बाजूचा, नाही मिळाला तर केबलचा किंवा एक्स्चेंजचा. अर्धी वाट एका फटक्यात बाद. मग उरलेल्या वाटेचे पुन्हा दोन भाग, पुन्हा चिमटे. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. जमिनीतल्या केबलमध्ये पाणी शिरले की फोन खरखरत, आणि या रीतीची खरी कसोटी तेव्हाच लागे. ही अक्कल कुठल्या माहितीपुस्तकात नव्हती, ती लाइनमनच्या हातात होती. तिची कदर फार थोड्यांनी केली.

त्याआधीच्या ट्रंक कॉलच्या काळात तर फोन लागणे हीच बातमी होती. चाटी गल्लीतल्या कापड व्यापाऱ्याला मुंबईच्या पेढीशी बोलायचे तर १८० वर कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, ते खिशाप्रमाणे ठरवायचे. मग फोनपाशी बसून राहायचे, आणि तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्ये बोलणारच. ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावण्याची, म्हणजे एसटीडीची, देशातली पहिली सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ उभे राहिले. रात्री अकरानंतर दर पाव होत असे, म्हणून गर्दीही तेव्हाच. मीटरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलणाऱ्याला फोन तुटणे म्हणजे थेट पैशांचे नुकसान होते.

त्या तांब्याच्या तारेचा एक गुण मात्र आज आठवावा असा आहे. टेलिफोनला लागणारी वीज त्याच तारेतून, एक्स्चेंजच्या बॅटरीतून येई, ४८ व्होल्टची. त्यामुळे महाराष्ट्राने तासन्‌तास भारनियमन सोसले त्या वर्षांत पंखे थांबत, माग थांबत, टीव्ही बंद पडे, पण साधा फोन वाजतच राही.

२००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि त्याच तारेवर इंटरनेटही धावू लागले. पहिला नवा घोटाळा तेव्हाच दिसला. फोन वाजला की नेट तुटे, रिसीव्हर खाली ठेवला की पुन्हा येई. कारण बोटभर लांबीच्या पांढऱ्या डबीत होते. आवाज आणि डेटा वेगळे करणारा स्प्लिटर घरातल्या प्रत्येक फोनला लागतो, आणि आतल्या खोलीतला दुसरा फोन तसाच जोडलेला असे. डीपीपर्यंत सगळे ठीक, बिघाड उंबरठ्याच्या आत. दोषाचा मुक्काम रस्त्यावरून घरात हलला तो इथून पुढे.

इंटरनेटवरून आवाज पाठवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. अमेरिकेत डॅनी कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावर बोलण्याचे प्रयोग केले होते. भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ रोजी. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादची नोकरी सोलापूरच्या घरातून सुरू झाली, तेव्हा ऑफिसचा फोनही लॅपटॉपवर आला, आणि बोलणे मध्येच तुटण्याची तक्रार १९८ कडे नेण्यात काही अर्थ उरला नाही.

असा फोन कधी तुटतो हे घड्याळ लावून पाहावे. बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर तो योगायोग नव्हे. ऑफिसच्या इंटरनेट फोनमध्ये बहुधा सिप नावाचे नियम चालतात. त्यांचा आजही मूळ मानला जाणारा मसुदा २००२ चा. समोरच्याने फोन उचलला की त्याच्याकडून ‘उचलला’ असा संदेश निघतो आणि त्याची पोच परत जावी लागते. पोच मिळाली नाही तर संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो. ही वाट पाहण्याची मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. तोवर आवाज वेगळ्या वाटेने जात-येत असतो, म्हणून दोघेही निर्धास्त बोलत असतात, आणि मुदत संपताच फोन खाली.

पोच हरवते कुठे? बहुतेक वेळा घरच्या राउटरपाशी. इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा एका बाहेरच्या पत्त्यामागे घरातली अनेक यंत्रे लपवण्याची युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली. मांडणाऱ्यांनीच तिला तात्पुरता उपाय म्हटले होते. आज ती घराघरात आहे. फोन आपल्या संदेशात घरातला १९२.१६८ चा पत्ता लिहितो आणि बाहेरच्या जगाला तो पत्ता सापडत नाही. हे दुरुस्त करायला राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सोय असते, पण ती कित्येकदा दुरुस्तीऐवजी मोडतोडच करते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली की बरेच फोन सुरळीत होतात. फोन पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटत असेल तर रोख दुसरीकडे वळवावा: चालू संभाषणाचे मधूनमधून नूतनीकरण करावे लागते आणि त्याचा संदेश अडतो आहे.

वेळेचा काहीच मेळ नसेल तर संशय वाय-फायवर घ्यावा. आवाजाचे साधारण ५० तुकडे दर सेकंदाला जातात. वेबपानाचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. आवाजाचा तुकडा उशिरा आला तर निरुपयोगीच. जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंती, २.४ गिगाहर्ट्‌झवरची शेजाऱ्यांची गर्दी, चालू मायक्रोवेव्ह, कुणाच्या तरी मोबाइलमधून वर चढणारे फोटो, यांतले काहीही पुरते. इथे लाइनमनची जुनी रीत जशीच्या तशी लागू पडते. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडायचा आणि तोच फोन पुन्हा लावायचा. केबलवर टिकला तर दोष वाय-फायचा. तरीही तुटला तर राउटर किंवा बाहेरची लाइन; मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहायचा. तिथे टिकला, तर फोनचे सॉफ्टवेअर निर्दोष.

देशातल्या मोबाइल कंपन्यांचे वाय-फाय कॉलिंग २०१९ च्या अखेरीपासून सुरू झाले, त्यामुळे साधा मोबाइल कॉलही आता राउटरच्या भरवशावर असू शकतो. आणि वीज गेली की राउटर बंद. बारा व्होल्टच्या राउटरला पुरेल असा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. इन्व्हर्टर असलेल्या घरांनी निदान राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, एवढे तपासावे. वीज येता-जाता राउटर नव्याने सुरू होतो, बाहेरचा पत्ता बदलू शकतो आणि चालू कॉल तुटतो, म्हणून ही दक्षता उन्हाळ्यात विशेष हवी.